छपराच्या पत्र्याची जागच्या जागीं पारख

बैल विकत घ्यावयाचा झाला तर आपण त्याचे दांत पाहतों; बियाणें घ्यावयाचें झालें तर मूठभर दाणे ओल्या गोणपाटांत गुंडाळून त्याची उगवण पाहतों; आणि जमीन घ्यावयाची झाली तर खड्डा खणून मुरूम किती खोल लागतो हें पाहिल्याशिवाय इसार देत नाहीं. पारख करून मगच हात घालावा, हा शेतकऱ्याचा जुना शिरस्ता होय. परंतु ज्या छपराखालीं आपण गुरें बांधतों, धान्य ठेवतों आणि पुष्कळदां स्वतःही निजतों, त्या छपराच्या पत्र्यांत काय आहे याची पारख आपल्यापैकीं फारच थोड्यांनीं केली असेल. आम्हींही ती केली नव्हती.

दोन वर्षांपूर्वीं वळवाच्या वादळांत आमच्या गोठ्यावरील पंधरा-वीस सिमेंटचे पत्रे फुटून खालीं आले. गड्यांनीं ते घणानें बारीक केले, आणि गोठ्यापासून विहिरीपर्यंतची चिखलाची वाट त्या तुकड्यांनीं भरून काढली. पावसाळाभर ती वाट चांगली टणक राहिली, म्हणून आम्हीं समाधानही मानलें. पुढें उन्हाळा आला. त्या वाटेवरून ट्रॅक्टर जाऊं येऊं लागला, पांढुरकी धूळ उडूं लागली, व घरांतील बायका ती रोज सकाळीं झाडूं लागल्या. सुटीला आलेल्या आमच्या भाच्यानें एके दिवशीं विचारलें, "मामा, ह्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस तर नाहीं ना?" या प्रश्नाचें उत्तर आम्हांस देतां आलें नाहीं. एक तुकडा शहरांतील प्रयोगशाळेकडे पाठविला. उत्तर येण्यास तीन आठवडे लागले, आणि आलें तें 'आहे' असें. मधल्या तीन आठवड्यांत ती वाट रोज झाडली जात होती. कारण उत्तर येईपर्यंत काय करावें हें कोणीं सांगितलें नाहीं आणि आम्हांसही सुचलें नाहीं.

हे तीन आठवडे तीन मिनिटांवर आणतां येतील काय, म्हणजे इमारतींतील अशा घातक द्रव्याची परीक्षा प्रयोगशाळेंत न जातां जागच्या जागीं करतां येईल काय, या प्रश्नावर जगांत बरेच शोध झाले आहेत. त्यांची माहिती आमच्या वाचकांस व्हावी म्हणून हा लेख लिहीत आहों.

पत्र्यांत असतें काय ?

ॲस्बेस्टॉस हें एकाच खनिजाचें नांव नसून तंतुरूप असणाऱ्या सहा खनिजांचें व्यापारी नांव आहे. त्यांपैकीं क्रायसोटाइल, म्हणजे पांढरा ॲस्बेस्टॉस, हा सर्पेंटाइन कुळांतील; आणि निळा क्रोसिडोलाइट, तपकिरी अमोसाइट, तसेच ट्रेमोलाइट, ॲक्टिनोलाइट व अँथोफिलाइट हे पांच अँफिबोल कुळांतील होत. दगड असून सुतासारखा पिंजतां येणारा, आगींत न जळणारा आणि ओढीस चिवट असा हा पदार्थ असल्यामुळें त्याचे नाना उपयोग निघाले. १९०० च्या सुमारास ऑस्ट्रियांतील लुडविग हाचेक यांनीं सिमेंटच्या पातळ राबड्यांत हे तंतु मिसळून, त्याचे थरावर थर बसवून पत्रे करण्याची युक्ति काढली. आपल्याकडील सिमेंटच्या नालीदार पत्र्यांत साधारणपणें शेंकडा दहाच्या आसपास तंतु असून बाकी सिमेंट व राख असते. मातींत काडी घातली म्हणजे भिंत जशी तडकत नाहीं, तसाच या तंतूंचा सिमेंटला आधार मिळतो.

शेतकऱ्यानें हा पत्रा पसंत केला यांत त्याची चूक नव्हती. शेणमुताच्या वाफेनें लोखंडी पत्रा गंजतो, हा गंजत नाहीं. त्याच्याइतका तापत नाहीं. पावसाचा आवाज कमी होतो. आणि किंमतही परवडते. भारतांत ॲस्बेस्टॉसच्या खाणींस १९८६ पासून नवे पट्टे देणें बंद झालें. तथापि परदेशांतून क्रायसोटाइल आणून त्याचे पत्रे करण्यास सरसकट बंदी नाहीं. इंग्लंडनें १९९९ सालीं व युरोपीय संघानें २००५ सालीं त्याचा वापर बंद केला. जपाननें २००६ सालीं जवळजवळ सर्व वापर बंद केला. परंतु बंदी झाली म्हणून जुनीं छपरें नाहींशीं होत नाहींत. हा प्रश्न त्या देशांतही आहे आणि आपल्याकडेही आहे.

अपाय कसा होतो ?

इंग्लंडांत रॉचडेल येथील गिरणींत ॲस्बेस्टॉसचें सूत कांतणारी नेली केर्शा ही स्त्री १९२४ सालीं मरण पावली. तिच्या फुप्फुसांची परीक्षा करून डॉक्टर कुक यांनीं तो मृत्यु या धुळीनें झाल्याचें प्रसिद्ध केलें. १९३० सालीं मेरिवेदर व प्राइस यांनीं गिरण्यांतील कामगारांची पाहणी करून सरकारास अहवाल दिला, व पुढील वर्षीं तेथें धुळीसंबंधीं नियम झाले. १९६० सालीं दक्षिण आफ्रिकेंतील वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणींच्या मुलखांतील तेहतीस रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांना फुप्फुसावरील आवरणाचा मेसोथेलिओमा नांवाचा कर्करोग झाला होता. त्यांत खाणीवर कधींही काम न केलेलीं, केवळ आसपास राहणारीं माणसेंही होतीं. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार माणसास कर्करोग करणारे म्हणून निश्चित ठरविले आहेत.

यांतील खरी अडचण वेळेची आहे. विळ्यानें बोट कापलें तर रक्त ताबडतोब दिसतें, आणि माणूस पुढच्या वेळीं जपून वागतो. हे तंतु श्वासाबरोबर आंत गेल्यापासून रोग दिसूं लागेपर्यंत बहुधा वीस ते चाळीस वर्षें जातात. धूळ उडाली त्या दिवशीं खोकलासुद्धां येत नाहीं. म्हणून येथें अनुभवानें शहाणें होण्यास वाव नाहीं. आधींच ओळखणें हाच एक उपाय आहे.

मात्र वाचकांनीं विनाकारण घाबरूंही नये. धड, न फुटलेला, पृष्ठभाग शाबूत असलेला पत्रा छपरावर बसला असतां त्यांतून फारसे तंतु सुटत नाहींत, कारण ते सिमेंटनें धरून ठेवलेले असतात. पत्रा करवतीनें कापणें, घणानें फोडणें, भोंक पाडणें, शेवाळ तारेच्या ब्रशानें खरवडणें, अशा कामांत ते मोकळे होतात. फार जुन्या पत्र्यावरील सिमेंट पावसानें हळूहळू झिजून तंतु उघडे पडतात, हेंही ध्यानांत ठेवावें.

पारख अवघड कां ?

इमारतींतील दुसरें एक घातक द्रव्य म्हणजे जुन्या रंगांतील शिसें. त्याच्याशीं तुलना केली म्हणजे ॲस्बेस्टॉसची अडचण चटकन कळते. शिसें हें मूलद्रव्य आहे. तें कोणत्याही रूपांत असलें तरी शिसेंच राहतें. म्हणून सोडियम रोडिझोनेट नांवाच्या रसायनाचा बोळा जुन्या रंगावर घांसला असतां शिसें असल्यास तांबूस डाग उमटतो. आणि क्षकिरण सोडणारें हातांतील यंत्र खिडकीच्या चौकटीस लावलें तर कांहीं सेकंदांत शिशाचें प्रमाण दाखवितें. आपल्याकडे २०१६ च्या नियमांनीं घरगुती रंगांत दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक शिसें असूं नये असें ठरलें, व ती मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. परंतु त्यापूर्वींचा रंग भिंतींवर आहेच.

ॲस्बेस्टॉसचें तसें नाहीं. क्रायसोटाइलमध्यें मॅग्नेशियम, सिलिकॉन, ऑक्सिजन व हायड्रोजन हींच द्रव्यें असतात. आणि तींच द्रव्यें त्याच प्रमाणांत असलेले, परंतु तंतुरूप नसलेले, लिझार्डाइटसारखे साधे दगडही असतात. तेव्हां एकट्या रासायनिक पृथक्करणानें उत्तर मिळत नाहीं. घातकपणा द्रव्यांत जितका आहे तितकाच आकारांत आहे. कापूस आणि कागद दोन्ही एकाच द्रव्याचे. पण धागा कशाचा निघेल हें रसायनशास्त्र सांगत नाहीं, तें डोळ्यांनींच पाहावें लागतें. आणि येथें डोळा पुरत नाहीं; क्रायसोटाइलचा सुटा तंतु मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही सुमारें तिसाव्या हिश्श्याइतका बारीक असतो. माणसाच्या केंसाच्या जाडींत असे दोन हजार तंतु शेजारीं शेजारीं मावतील.

प्रयोगशाळेंतील जुनी रीत

प्रयोगशाळेंत तुकड्याची पूड करून ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. येथें एक सुंदर युक्ति आहे. कांचेचा तुकडा पाण्यांत दिसतो, पण कांचेइतकाच प्रकाश वांकविणाऱ्या तेलांत टाकला तर दिसेनासा होतो. त्याचप्रमाणें क्रायसोटाइलसाठीं १·५५० वक्रीभवनांकाचें, अमोसाइटसाठीं १·६८० चें आणि क्रोसिडोलाइटसाठीं १·७०० चें तेल घेतात. योग्य तेलांत योग्य तंतु पडला कीं त्याच्या कडा विशिष्ट रंगांनीं झळकतात, आणि तंतु फिरविला कीं रंग बदलतात. निष्णात माणूस एका नमुन्याचा निकाल थोड्याच वेळांत देतो. उशीर लागतो तो नमुना पाठविण्यांत, रांगेंत पडून राहण्यांत, आणि निष्णात माणसें थोडीं असल्यामुळें. म्हणजे यंत्र घराकडे नेणें हा एक मार्ग, आणि निष्णात डोळ्याचें काम यंत्राकडून करविणें हा दुसरा.

प्रकाशाची बंदूक

दुसऱ्या मार्गानें निघालेलें साधन म्हणजे हातांत धरावयाचें अवरक्त किरणांचें यंत्र. तांबड्या रंगापलीकडील, डोळ्यास न दिसणारा प्रकाश तें पत्र्यावर सोडतें व परत आलेला प्रकाश तपासतें. ॲस्बेस्टॉसच्या स्फटिकांत ऑक्सिजन व हायड्रोजन यांची जी जोडी असते, ती ठराविक लांबीच्याच लहरी शोषून घेते; क्रायसोटाइलच्या बाबतींत ही लांबी सुमारें १·३९ मायक्रॉन आहे. परतलेल्या प्रकाशांत नेमकी तेवढीच उणीव आढळली कीं यंत्र प्रकार सांगतें. पत्रा फोडावा लागत नाहीं, आणि अर्ध्या-एक मिनिटांत निकाल मिळतो.

परंतु या यंत्राच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. काळा पदार्थ प्रकाशच परत देत नाहीं, म्हणून तेथें तें आंधळें ठरतें. रंग दिलेल्या पत्र्यावर तें रंगच वाचतें. ओल्या पत्र्यावर पाण्याचें शोषण शेजारींच येऊन गोंधळ होतो. तंतूंचें प्रमाण शेंकडा एकाच्या खालीं असेल तर तें चुकण्याचा संभव असतो. म्हणून त्यानें 'आहे' म्हटलें तर मानावें. 'नाहीं' म्हटलें तर मात्र प्रयोगशाळेंतून खात्री करून घ्यावी. किंमत लाखांच्या घरांत असल्यामुळें एकट्या शेतकऱ्यास तें परवडणारें नाहीं, हेंही खरें.

काजव्याची युक्ति

जपानांत १७ जानेवारी १९९५ रोजीं कोबे शहर व आसपासच्या प्रदेशांत मोठा भूकंप झाला. कोसळलेल्या इमारतींचा मलबा उपसतांना धुळीचे लोट उठले. पुढें अनेक वर्षांनीं, त्या मलब्यावर राबलेल्या कामगारांपैकीं कांहींस मेसोथेलिओमा झाल्याचें नुकसानभरपाईच्या चौकशींत मान्य करावें लागलें. २००५ सालीं आमागासाकी शहरांत एका जुन्या कारखान्याच्या आसपास राहणाऱ्या लोकांतही हा रोग आढळल्याचें उघड झालें, व सारा देश हादरला. हवेंतील तंतु त्याच दिवशीं, त्याच जागीं ओळखतां आले पाहिजेत, ही निकड तेथें अशी उत्पन्न झाली.

हिरोशिमा विद्यापीठांतील प्राध्यापक आकिओ कुरोदा व त्यांचे सहकारी यांनीं यावर एक निराळाच उपाय काढला. आंतड्यांत राहणाऱ्या ई. कोलाय या जंतूच्या शरीरांत हजारों प्रथिनें असतात. त्यांतील डीकेएसए नांवाचें प्रथिन क्रायसोटाइलला घट्ट चिकटतें, व गॅटझेड नांवाचें दुसरें प्रथिन अँफिबोल कुळांतील तंतूंना चिकटतें, असें त्यांना आढळलें. या प्रथिनांस चमकणारा रंग जोडला कीं झाली परीक्षा तयार. पंपानें हवा ओढून ती बारीक छिद्रांच्या गाळणीतून सोडावयाची, गाळणीवर हें द्रावण घालावयाचें, धुवावयाचें, आणि प्रदीप्ति-सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावयाचें. ॲस्बेस्टॉसचे तंतु काळ्या पार्श्वभूमीवर चमकतात. कांचेचे वा कापसाचे धागे अंधारांतच राहतात. २००८ ते २०१० च्या दरम्यान या संशोधनाचे निबंध प्रसिद्ध झाले.

येथें वाचकांस शंका येईल, कीं साध्या सूक्ष्मदर्शकांत न दिसणारा इतका बारीक तंतु या रीतीनें कसा दिसतो? त्याचें उत्तर आपल्या शेताच्या बांधावरच आहे. अंधाऱ्या रात्रीं शंभर हातांवरील माशी दिसत नाहीं, पण काजवा दिसतो; कारण तो स्वतः उजेड देतो. तंतु स्वतः उजेड देऊं लागला म्हणजे त्याची जाडी कितीही कमी असो, त्याचें अस्तित्व लपत नाहीं. जुन्या रीतींत हवेंतील तंतु केवळ आकारावरून मोजीत: लांबी पांच मायक्रॉनहून अधिक, जाडी तीन मायक्रॉनहून कमी, आणि लांबी जाडीच्या निदान तिप्पट. त्यांत कांचेचा धागाही मोजला जाई. खात्रीसाठीं विद्युत्कण-सूक्ष्मदर्शकाकडे जावें लागे, व तें यंत्र जागचें हलत नाहीं. कुरोदांच्या रीतीस पुरेसा असा उचलून नेण्याजोगा सूक्ष्मदर्शकही तयार झाला, आणि दिवसांचें काम तासांवर आलें.

चुंबकाची युक्ति

इंग्लंडांतील हर्टफर्डशायर विद्यापीठांतल्या संशोधकांनीं २०१३ सालीं आणखी एक वाट दाखविली. ॲस्बेस्टॉसच्या तंतूंवर चुंबकाचा थोडा परिणाम होतो. चुंबकाच्या क्षेत्रांत ते होकायंत्राच्या सुईसारखे वळतात. त्यांच्या यंत्रांत हवेंतील कण लेसर किरणांतून जातो. विखुरलेल्या प्रकाशाच्या आकृतीवरून तो तंतु आहे कीं नाहीं व कोणत्या दिशेस तोंड करून आहे हें कळतें. मग तो चुंबकांमधून जातो, आणि पुढच्या किरणांत पाहिलें जातें, कीं तो वळला काय? कांचेचा किंवा जिप्समचा तंतु तसा वळत नाहीं. रंग नको, द्रावण नको, सूक्ष्मदर्शकही नको. घरोघर नळ, विजेचीं कामें करणाऱ्या कारागिरास काम चालूं असतांनाच इशारा मिळावा, हा या खटपटीचा हेतु. 'या हवेंत तूं आतां थांबूं नको' असें सांगणारें यंत्र कारागिराच्या हातीं पडलें, तर त्याच्यासारखें रक्षण दुसरें नाहीं.

आपण काय करावें ?

ही साधनें आपल्या तालुक्यापर्यंत येईपर्यंत हात जोडून बसण्याचें कारण नाहीं. पुढील गोष्टी प्रत्येकास करतां येतील.

(१) जुन्या सिमेंटच्या पत्र्याची माहिती नसेल तर तो ॲस्बेस्टॉसचाच आहे असें धरून वागावें. पत्र्यावर 'आय. एस्. ४५९' असा छाप दिसला तर शंकाच नको. ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या नालीदार पत्र्यांचा तो भारतीय मानक-क्रमांक आहे. छाप नसला म्हणून पत्रा निर्धोक ठरत नाहीं.

(२) तुकडा मोडून धागे दिसतात काय, किंवा जाळून पाहावें काय, असल्या घरगुती परीक्षा करूं नयेत. त्यांनीं कांहीं कळत नाहीं. धूळ मात्र उडते.

(३) नमुना पाठवावयाचा असल्यास आधींच फुटलेल्या कडेचा लहान तुकडा साबणाच्या पाण्यानें चिंब भिजवून घ्यावा, एकावर एक अशा दोन पिशव्यांत बांधावा व वर तसें लिहावें. उत्तर येईपर्यंत ती जागा ओली ठेवावी आणि कोरडी झाडूं नये. हें एक वाक्य आम्हांस वेळीं कोणीं सांगितलें असतें तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती.

(४) पत्रा उतरवावयाचा तर तो भिजवून, बोल्ट सोडवून, सबंध खालीं घ्यावा. यांत्रिक करवत लावूं नये. जुन्या पत्र्यावर पाय देऊं नये. तो एकाएकीं फुटून माणसें खालीं पडतात. तोंडाला उपरणें बांधून हे तंतु अडत नाहींत; एन-१०० किंवा पी-१०० दर्जाचा मुखपट्टा नाकास घट्ट बसवून वापरावा, व कपडे इतरांच्या कपड्यांत न मिसळतां वेगळे धुवावे.

(५) फुटके तुकडे वाटेच्या भरावास, खळ्यास किंवा खताच्या खड्ड्यांत घालूं नयेत. जाड प्लॅस्टिकांत बांधून बाजूस ठेवावे, व त्यांची विल्हेवाट कोठें लावावी हें स्थानिक संस्थेस व प्रदूषण नियंत्रण मंडळास विचारावें.

याखेरीज एक सूचना आहे. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळानें रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर घरांचीं व गोठ्यांचीं छपरें उडविलीं, तेव्हां गांवोगांव पत्र्यांचा चुरा हातांनीं गोळा करावा लागला. अशा वेळीं कोणता ढीग हात लावण्याजोगा आणि कोणता नाहीं, हें सांगणारें एक यंत्र तालुक्यांत असतें तर किती उपयोग झाला असता! आपल्या सहकारी संस्था मिळून पेरणीचीं यंत्रें घेतात, फवारे घेतात, मातीची परीक्षा करवितात. त्याच रीतीनें अनेक संस्थांनीं मिळून प्रकाशाचें एक यंत्र घ्यावें, तें चालविण्यास एक तरुण तयार करावा, व शंकास्पद निकाल कृषि महाविद्यालयाच्या अथवा अन्य प्रयोगशाळेंतून पडताळून घ्यावा. मातीच्या परीक्षेनें एका हंगामाचें पीक सुधारतें. या परीक्षेनें पुढल्या पिढीचें आयुष्य राखलें जाईल.

आमच्या वाटेचें काय झालें हें सांगून लेख पुरा करितों. ती खणून काढली असती तर धूळ अधिकच उडाली असती. म्हणून आम्हीं ती पाणी मारून भिजविली, तिजवर वीतभर मुरमाचा थर देऊन धुम्मसानें चोपला, आणि कडेनें खूण म्हणून दगड मांडले, कीं आमच्या मागें कोणी तेथें कुदळ घालूं नये. आतां तेथें धूळ उडत नाहीं. ज्या बायकांनीं ती वाट एक उन्हाळाभर झाडली, त्यांच्या अंगांत किती गेलें याचें उत्तर मात्र कोणत्याही प्रयोगशाळेंतून येणार नाहीं. तें कळलेंच तर वीस-तीस वर्षांनीं कळेल. दुसऱ्या कोणाच्या अंगणांत हा प्रश्न उरूं नये, एवढ्यासाठींच आमची ही चूक येथें छापिली आहे.